टूर्नामेंट सोडून कॅश गेम: टेन्शन खरंच कमी होतं का?

पोकरमधे टूर्नामेंट सोडून कॅश गेमला, म्हणजे थेट पैशांवर चालणाऱ्या खेळाला, आलं की टेन्शन संपतं असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. ब्लाइंड (पत्ते बघायच्या आधी लावायची सक्तीची रक्कम) वाढत नाहीत, बबलवर (बक्षिसाच्या जागांच्या अगदी उंबरठ्यावर) जीव मुठीत धरून बसावं लागत नाही, कंटाळा आला की उठता येतं, हे खरंय. टूर्नामेंटमधे साधारण १० ते १५ टक्के लोकांनाच पैसे मिळतात, त्यातला मोठा वाटा वरच्या दोन-तीन जणांना, त्यामुळे चांगलं खेळूनही महिनोन्महिने कोरडे जाऊ शकतात, कॅशमधे चढउतार त्यामानाने कमी. पण इथे प्रत्येक चिप म्हणजे रोख पैसा आहे ना! टूर्नामेंटमधे बाहेर पडलात की बहुतेक वेळा विषय संपला, कॅशमधे स्टॅक (आपल्या सगळ्या चिप) गेला की हात परत खिशात जातो, मग परत बाय-इन (पैसे देऊन नव्या चिप घेणं), परत बाय-इन, आणि डोकं फिरलेलं असताना हे भलतंच महागात पडतं. म्हणून दोन-तीन बाय-इन गेले की उठायचं हे बसायच्या आधीच ठरवा. शिवाय १०० बिग ब्लाइंडचा (मोठ्या ब्लाइंडच्या १०० पट) स्टॅक असला की नुसतं ऑल-इन (सगळ्या चिप लावणं) नाहीतर फोल्ड (पत्ते टाकून देणं) करून भागत नाही, खरी परीक्षा टर्न आणि रिव्हरला, म्हणजे टेबलावरच्या चौथ्या आणि पाचव्या पत्त्याला. सुरुवात खालच्या स्टेकला (लहान रकमेच्या टेबलावर) करा, फक्त रेक (खेळ चालवणाऱ्याचा वाटा) किती कापतात ते आधी बघा हो, लहान स्टेकला तोच जास्त खातो.