ॲसिडिटीची गोळी चालू, अन् मायचं रक्त काही वाढेना

प्रश्न : कास्तकार, दारव्हा तालुका
रामराम मंडळी. माही माय साठीच्या पुढं आहे. छातीत जळजळ होते म्हणून बऱ्याच वर्षांपासून रोज सकाळी पॅन्टोप्राझोल घेते. गोळी मेडिकलमधून आणतो, डॉक्टरले दाखवून लय दिवस झाले. आता हिमोग्लोबिन ८.४ निघालं. लोहाच्या गोळ्या चालू आहेत, तरी वाढत नाही. तळपायात मुंग्या येतात म्हणते, धुऱ्यावरून चालताना तोल जाते. जेवणात ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, आंबाडीची भाजी. मटण-अंडी खात नाही. एवढं खाऊनही अंगी काऊन लागत नाही?

उत्तर : निवृत्त लॅब टेक्निशियन, वर्धा जिल्हा
भाऊ, गोळीचा संबंध असू शकते. भाजी-डाळीतलं लोह जठरातल्या आम्लात विरघळते, त्याचं रूप बदलते, तेव्हा कुठं लहान आतड्याच्या सुरुवातीलाच ते शोषलं जाते. रक्त अन् नसांसाठी लागणाऱ्या बी-१२ जीवनसत्त्वाचं तर आणखी किचकट. ते दूध-दह्यातल्या प्रथिनांना चिकटून येते. आम्ल अन् पेप्सिन (जठरातला प्रथिनं पचवणारा पाचक घटक) मिळून त्याले सोडवतात, आणि पेप्सिनही आम्लाशिवाय तयार होत नाही. गोळीनं आम्ल कमी झालं की जळजळ थांबते, पण हे कामही मंदावते. प्रथिनांची फार काळजी नको, ती पुढं स्वादुपिंडाच्या रसानं पचतात.

बी-१२ चा साठा यकृतात काही वर्षं पुरते, म्हणून उणीव उशिरा दिसते. मुंग्या अन् तोल जाणं ऐकून मला हीच शंका येते. ही तपासणी लांबवू नका, नसांचं नुकसान जास्त दिवस राहिलं तर पूर्ण भरून येईलच असं नाही. लोहाच्या गोळीत बहुतेक फॉलिक ॲसिडही असते. त्यानं रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसू शकते अन् नसा आतून बिघडत राहतात.

बी-१२, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), मॅग्नेशियम डॉक्टरले विचारून तपासा. सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) चाचणी कधी झाली नसेल तर तीही करा, आपल्या भागात ते आहे. लोहाच्या गोळ्या सुरू व्हायच्या आधी संडास काळी होत होती का, हे मायले नक्की विचारा. पोटात रक्त जात असेल तर कारण वेगळंच निघेल. पॅन्टोप्राझोल मात्र स्वतःहून बंद करू नका. एकदम सोडली तर आम्ल उसळते, आणि अल्सर असेल किंवा दुखण्याच्या गोळ्या चालू असतील तर तिची गरजही असते.

उत्तर : अंगणवाडी ताई, आर्णी
वरणावर लिंबू पिळून द्या दादा, क जीवनसत्त्वानं लोह चांगलं शोषलं जाते. जेवल्यावर लगेच चहा देऊ नका, दीड-दोन तास जाऊ द्या. दही-ताक रोज असू द्या. मायले शुगर आहे का?

कास्तकार, दारव्हा तालुका
हो ताई, शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू आहे. सोमवारी तालुक्याच्या दवाखान्यात नेतो.

निवृत्त लॅब टेक्निशियन, वर्धा जिल्हा
मेटफॉर्मिननंही बी-१२ घटते, भाऊ. दोन्ही गोळ्यांची पाकिटं सोबत न्या अन् दोन्ही कधीपासून चालू आहेत ते डॉक्टरले सांगा.