विद्यापीठाच्या आयकिडो क्लबात जायचंय, पण पडायची भीती वाटते

शाईचाडाग:
नमस्कार. मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. विद्यापीठाच्या व्यायामशाळेबाहेर आयकिडो या जपानी युद्धकलेच्या क्लबचं पत्रक लागलंय: मंगळवार आणि गुरुवार संध्याकाळी, नवशिक्यांनी यावं. गेल्या गुरुवारी दारात उभी राहून अर्धा तास बघत होते. एका मुलीने तिच्यापेक्षा वीतभर उंच मुलाला मनगट धरून फिरवलं आणि तो जमिनीवर गेला तो आवाज न करता. गेला, लोळला आणि त्याच झोकात उभा राहिला. तेव्हापासून डोक्यात तेच आहे.

अडचण अशी की शाळेत असताना सायकलवरून पडून माझं डावं मनगट मोडलं होतं. हाड छान जुळलंय, दुखत नाही. पण पुढे झुकून तोल जातोय असं वाटलं की अजून सगळं अंग आखडतं. कोलांटउडी तर कधीच जमली नाही. त्यात सत्र सुरू होऊन पाच आठवडे झालेत. आता गेले तर बाकीच्यांना माझा अडथळा होईल का? गी, म्हणजे सरावाचा पोशाख, आधीच घ्यावा लागतो का? आणि यात स्पर्धा नसतात म्हणे, मग आपल्याला काही येतंय हे कळतं कसं?

गवताचीकाडी:
नऊ वर्षांपूर्वी मीही असाच सत्राच्या मधोमध गेलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पडण्याचं तुमच्या मनातलं चित्र सायकलचं आहे. तिथे आपण घाबरून तळवा पुढे करतो, अख्ख्या अंगाचा भार त्या ताठ हातावर येतो आणि मनगट जातं. आयकिडोत पहिल्या दिवसापासून नेमकी तीच सवय घालवतात. पडण्याच्या या तंत्राला उकेमी म्हणतात. पुढच्या लोळणीत तळव्यावर भार घ्यायचाच नसतो. आधी हाताची करंगळीकडची कडा मॅटला लागते, मग कोपरापर्यंतची बाहेरची बाजू, मग दंड, खांदा आणि तिथून पाठीवरून तिरकं जात विरुद्ध बाजूचा कुल्ला. डोकं टेकत नाही. हनुवटी छातीकडे, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर. शाळेतली कोलांटउडी मानेवरून सरळ जाते, ही तिरकी जाते. त्यामुळे ती जमली नव्हती याचं मनावर घेऊ नका.

उभ्याने लगेच कोणी करायला लावत नाही. सुरुवात गुडघ्यावर बसून होते. माझी पहिली बरी लोळण पाचव्या आठवड्यात झाली. एका सिनियर मुलीने आपला पट्टा सोडून मॅटवर तिरका पसरला आणि म्हणाली, “खांदा या टोकाला लागू दे, कुल्ला त्या टोकाला.” इतके दिवस सांगून जे कळत नव्हतं ते त्या पट्ट्याने एका मिनिटात कळलं.

आता मनगटाचं. तास सुरू व्हायच्या आधी सेन्सेईंना, म्हणजे शिकवणाऱ्यांना, नक्की सांगा, आणि जोडीला जो येईल त्यालाही. निक्यो आणि कोतेगाएशी हे दोन्ही प्रकार मनगटावरच चालतात. दुखायला लागायच्या जरा आधीच मॅटवर किंवा जोडीदाराच्या अंगावर हाताने दोनदा थापटायचं, की समोरचा तत्क्षणी सोडतो. यात कमीपणा काही नाही, उलट थापटणाऱ्याबरोबर सराव करायला सगळ्यांना आवडतं. शिहोनागे या प्रकारात मात्र हात खांद्यामागे दुमडून मागे पाडतात, तिथे डोकं आपटू शकतं. मागची उकेमी नीट बसेपर्यंत “हळू” म्हणायला अजिबात संकोचू नका.

गीची घाई नको. गुडघे झाकणारी सैल पँट आणि लांब बाह्यांचा टीशर्ट पुरेल. नखं कापा, अंगठ्या-कानातले काढून ठेवा. आणि अडथळ्याचं म्हणाल तर, नवशिक्याला हळू टाकताना आपल्याच चुका दिसतात. मला तर नव्या माणसाबरोबरचे तास मनापासून हवे असतात.

ज्युदोवाला:
स्पर्धांबद्दल मी सांगतो. आयकिडोचे संस्थापक मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) स्पर्धांच्या विरोधात होते आणि त्यांच्या घराण्याकडे असलेल्या आयकिकाई परंपरेत आजही स्पर्धा नसतात. पण केन्जी तोमिकी हे उएशिबांकडेही शिकले आणि ज्युदोच्या जिगोरो कानोंकडेही. त्यांनी वासेदा विद्यापीठात जे शिकवलं त्यात प्रतिकार करणाऱ्या माणसाशी सराव आला आणि पुढे स्पर्धाही आल्या. तेव्हा तुमचा क्लब कुठल्या शैलीचा आहे ते आधी विचारा. स्पर्धा नसल्या तरी क्यूच्या, म्हणजे काळ्या पट्ट्याआधीच्या पायऱ्यांच्या, परीक्षा असतात, आकडा उतरत १ क्यूपर्यंत येतो आणि मग शोदान, म्हणजे पहिला काळा पट्टा.

उंबरठा:
एक जपा. मी शिकत असताना एक सिनियर मुद्दाम जोर लावायचा, थापटल्यावरही क्षणभर धरून ठेवायचा. मी दोन महिने गप्प राहिले, ते चुकलं. तसं वाटलं तर त्याच दिवशी शिकवणाऱ्यांशी बोला आणि जोडीदार बदला.

शाईचाडाग:
सगळ्यांचे आभार. काल जाऊन आले! दारातच सेन्सेईंना मनगटाचं सांगितलं. त्यांनी हात हातात घेऊन सगळ्या बाजूंनी वळवून पाहिला आणि म्हणाले, आज या हाताने फक्त धरायचं, वळवून घ्यायचं नाही. सुरुवातीला सगळे रांगेत गुडघ्यांवर बसून वाकले, “ओनेगाइशिमासु” (जपानीत विनंतीचा शब्द) म्हणाले. मी शेजारणीकडे बघून तसंच केलं.

गुडघ्यावरून उजव्या बाजूची लोळण पंधरा-वीस वेळा केली. तीन नीट झाल्या. डाव्या बाजूने एकदाच धीर केला. अंग आखडलं, पण तळवा पुढे गेला नाही, हे मला अजून खरं वाटत नाहीये. आज उजव्या खांद्याच्या अगदी टोकावर निळं पडलंय. हे असं होतंच का, की माझं काही चुकतंय?

गवताचीकाडी:
वाचून फार बरं वाटलं. खांद्याचं टोक आपटतंय म्हणजे कोपर मधेच दुमडतंय आणि हाताची कमान मोडतेय. मंगळवारी हात मोठ्या घागरीभोवती घातल्यासारखा गोल ठेवा, बोटं आतल्या बाजूला वळलेली, आणि लोळताना श्वास सोडा. निळं उतरेपर्यंत त्या बाजूने नका करू, तोवर मागची उकेमी शिकून घ्या.