स्वतःच्या सोयीचे ऑनलाइन कोर्स: ठरलेली वेळ हवीच, की सापडेल तेव्हा चालतं?

गंगापूररोडकर
मागच्या वर्षी एक ऑनलाइन कोर्स घेतला. ६२ व्हिडिओ, कधीही बघा, कधीही संपवा. चौदाव्यावर गाडी रुतली. पंधरावा उघडला की मागचं आठवेना, म्हणून पुन्हा तेरावा. असे तीन महिने.

यंदा बी.कॉम.च्या राहिलेल्या विषयांना बसलो तेव्हा एकच गोष्ट बदलली. पहाटे ५.३० ते ६.४५, रविवार सुट्टी. दूरशिक्षणात एका श्रेयांकाला, म्हणजे क्रेडिटला, साधारण ३० तासांचा अभ्यास धरतात. चार श्रेयांकांचा विषय म्हणजे १२० तास. १६ आठवड्यांत बसवायचा तर आठवड्याला साडेसात, म्हणजे सहा दिवस रोज सव्वा तास. हा सव्वा तास ‘वेळ मिळेल तेव्हा’ म्हणून कधी मिळत नाही.

एमआयटी आणि हार्वर्डच्या ऑनलाइन कोर्सेसची आकडेवारी २०१९ साली ‘सायन्स’मध्ये आली होती. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी कोर्स पुरा करणारे ३.१३ टक्के. शंभरात तीन! म्हणून म्हणतो, ज्याला रोजची वेळ ठरवता येत नाही त्याने या कोर्सेसच्या नादी लागू नये. करा विरोध.

तिसरी पाळी
करतो. सातपूरला कारखान्यात आहे, पाळी दर आठवड्याला बदलते. फर्स्टला असतो तेव्हा साडेपाचला आंघोळ उरकून बस पकडायच्या घाईत, आणि नाईटला असतो तेव्हा मशीनवर. म्हणजे मी शिकूच नये? मुक्त विद्यापीठ १९८९ साली आपल्याच नाशकात, गंगापूर धरणाच्या वाटेवर निघालं, ते माझ्यासारख्यांसाठीच ना?

घड्याळ धरून मला जमत नाही. मी अभ्यास डब्याला बांधलाय. पाळी कुठलीही असो, डबा तर खातोच. डबा धुऊन ठेवला की वीस मिनिटं. रिजेक्शन शीटच्या, म्हणजे बाद मालाच्या नोंदीच्या कागदाच्या, पाठकोऱ्या बाजूला आदल्या दिवशी लिहिलेले तीन प्रश्न असतात. आधी त्यांची उत्तरं, पुस्तक न उघडता. मग नवी दोन पानं. मग उद्यासाठी तीन प्रश्न, आणि कागद घडी करून खिशात. घामाने शाई फुटते म्हणून आता पेन्सिलच वापरतो. सांख्यिकी सोडून सगळे विषय सुटले.

गंगापूररोडकर
वीस मिनिटांनी १२० तास व्हायला ३६० डबे लागतील.

तिसरी पाळी
लागू देत. डबे तसेही खायचेच आहेत.

निवृत्त मास्तर
तुमच्या दोघांच्या भांडणात एक गोष्ट राहून गेली. पाऊण तास बसलो म्हणजे पाऊण तास शिकलो असं नसतं.

२००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी पान मिटून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. गंमत त्या पाच मिनिटांत आहे. वाचून उठल्यावर ‘येतंय की सगळं’ असं वाटतं ते खरंच असतं, फक्त टिकत नाही. सातपूरच्या या गृहस्थांनी पेन्सिल आणि पाठकोऱ्या कागदावर नेमकं हेच साधलंय.

वर्गात मी वर्षानुवर्षं ‘पुन्हा पुन्हा वाचा’ हेच सांगत आलो. आता कोणाला भेटून माफी मागू?

पंचवटी पास
मास्तर, तुमचं पटतं, पण रोज नाशिक-मुंबई करणाऱ्याने कधी लिहायचं? मी व्हिडिओ घरच्या वायफायवर उतरवून घेतो आणि पंचवटी एक्सप्रेसमध्ये दुप्पट वेगाने बघतो. इगतपुरी-कसारा घाटात नेट जातं तेव्हाही ते चालू राहतात. जाता-येता चार व्हिडिओ सहज होतात.

निवृत्त मास्तर
आज सकाळच्या व्हिडिओत काय होतं?

पंचवटी पास
मागणीची लवचिकता. किंमत वाढली की मागणी... थांबा, पुन्हा बघून सांगतो.

निवृत्त मास्तर
घाटात स्क्रीन बंद ठेवा. कसाऱ्यापर्यंत तेवढंच आठवायचं. लिहू नका हवं तर, पुटपुटा. शेजारचा बघेल. बघू द्या.

छाटणीवाला
निफाड तालुक्यातून लिहितोय. रोजचं सोडा हो, मला दर आठवड्याचंही जमत नाही. द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की काड्यांना पेस्ट, फुटवे, आणि ढग आले की डाऊनी रोगासाठी फवारणी. त्या दिवसांत माणूस आभाळाकडे बघतो, पुस्तकाकडे नाही. मी मोसमाने शिकतो. पावसाळ्यात रोज तीन-चार तास, छाटणीनंतर शून्य.

‘स्वयम्’ या सरकारी संकेतस्थळावरचा एनपीटेलचा, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या उपक्रमाचा, १२ आठवड्यांचा कोर्स केला. लोक त्याला आपल्या सोयीचा म्हणतात, पण तसा तो नाही. दर आठवड्याच्या स्वाध्यायाला मुदत असते, ती गेली की गेली. शिकणं फुकट, परीक्षेला मी हजार रुपये भरले, आणि ती केंद्रावर जाऊन द्यावी लागते. स्वाध्यायाचे २५ गुण, परीक्षेचे ७५. पण १२ स्वाध्यायांतले चांगले ८ च धरतात! जुलैच्या बॅचला बसलो आणि सप्टेंबर सरायच्या आत आठ चांगले करून मोकळा झालो. शेवटचे चार बागेला दिले. परीक्षेत शेवटच्या आठवड्यांवरचे प्रश्न कोरे राहिले, पास झालो. तुमचं सव्वा तासाचं गणित पगारदाराचं आहे, साहेब.

बाकी तो शंभरात तीनचा आकडा अर्धाच सांगितलात. त्याच अभ्यासात सर्टिफिकेटसाठी पैसे भरलेल्यांतले ४६ टक्के पुरा करतात असंही आहे. फुकट नाव नोंदवणारे निम्मे तर डोकावायलाच आलेले असतात. मीही दोन-तीन कोर्सेसमध्ये असाच डोकावून आलोय.

गंगापूररोडकर
४६ चा आकडा द्यायला हवा होता, मान्य. पण पैसे भरूनही निम्म्याहून जास्त गळतात, हे माझ्याच बाजूचं झालं. आणि तुम्हीही सप्टेंबर ही मुदत धरूनच बसलात ना? वेळ ठरवलीतच, फक्त पहाटेऐवजी पावसाळा ठरवलात.

सिडको, चौथा मजला
सगळं वाचलं. एक विचारू? साडेपाचला बसता, तर पावणेसातला टेबलावर चहा कुठून येतो? मुलांचे डबे कोण भरतं?

माझ्याकडे दोन मुलं, सासूबाई आणि सकाळी एकच तास येणारं पाणी. पहाटेचा सव्वा तास मला कोणी दिला तर मी झोपेन. मी एम.ए. अर्थशास्त्र करतेय. नाशिक रोडच्या एका मैत्रिणीशी रोज रात्री ९.४५ ला फोन. दहा मिनिटं ती मला शिकवते, दहा मिनिटं मी तिला. तिला शिकवायचंय म्हटलं की भाजी निवडतानासुद्धा डोक्यात मांडणी चालू असते. परवा तिने विचारलं, महागाई वाढली की व्याजदर का वाढवतात? मी नुसतं ‘कारण पुस्तकात आहे’ म्हणाले. हसून हसून पुरेवाट झाली, पण मग पुस्तक उघडलं. ती नसती तर मी पहिल्या सत्रातच सोडलं असतं.

गंगापूररोडकर
चहा सौ. करते. डबेही तीच. तिचे ते तास माझ्या हिशेबात नव्हते, खरंय. पण ९.४५ ही ठरलेलीच वेळ झाली ना?

सिडको, चौथा मजला
वेळ ठरलेली आहे, पण फोनच्या पलीकडे कोणीतरी वाट बघतंय म्हणून. तुमच्या साडेपाचची वाट कोण बघतं? उद्या अंगावर काटा आणणारी थंडी पडली की बघू.

गंगापूररोडकर
जानेवारीत दोनदा बुडाला. तीनदा.

तिसरी पाळी
विषय निघालाच आहे तर, प्रमाण विचलनात (स्टँडर्ड डेव्हिएशन) सरासरीपासूनच्या फरकांचा वर्ग का करतात? नुसती बेरीज का नाही? चार डबे झाले, हा प्रश्न कागदावरून खोडला जात नाही.

सिडको, चौथा मजला
२, ४, ९ घ्या. सरासरी ५. आता फरक काढा आणि बेरीज करून बघा.

तिसरी पाळी
उणे तीन, उणे एक, अधिक चार. शून्य! मग १, ६, ११ लाही...

सिडको, चौथा मजला
करून बघा. पुढचं बोलून सांगेन, मैत्रिणीलाही विचारते. ९.४५ ला तिघांचा कॉल जमेल?

तिसरी पाळी
या आठवड्यात सेकंडला आहे, ११ पर्यंत मशीनवर.

सिडको, चौथा मजला
पुढच्या आठवड्यात?

तिसरी पाळी
नाईट. पण सव्वादहापर्यंत घरी असतो.

सिडको, चौथा मजला
मग सोमवारी. पाठकोरा कागद घेऊन बसा.