मदत हवी आहे: कुत्र्याच्या उलट्या थांबत नाहीत, घरी किती वेळ वाट पाहावी?

नमस्कार. आम्ही देवगड तालुक्यात, किनाऱ्यालगतच्या एका गावात राहतो. आमचा खंड्या हा गावठी कुत्रा चार वर्षांचा असून त्याचे वजन साधारण १६ किलो आहे. काल सकाळपासून त्याला उलट्या होत आहेत. पहिल्या उलटीत आदल्या रात्रीचा भात जवळजवळ जसाच्या तसा पडला, दुपारनंतर नुसता पिवळा फेस येऊ लागला आणि आज पहाटेपासून पाणी प्यायले की थोड्याच वेळात तेही बाहेर येते. उलटीत रक्त दिसलेले नाही. काल सकाळपासून त्याने शौच केलेले नाही. हाक मारली की शेपटी हलवतो, पण उठून येत नाही, आणि एरवी कुंपणावरून कोणी गेले तरी भुंकणारा हा प्राणी आज पडवीच्या कोपऱ्यात गप्प पडून आहे.

त्याच्या खाण्यात काय आले असावे, याचा विचार करताना तीन गोष्टी समोर येतात. परवा तो आमच्याबरोबर किनाऱ्यावर आला होता आणि रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या) जागी पडलेली मासळी हुंगत होता. दुसरे म्हणजे, पाऊस सुरू झाल्यापासून खळ्यात संध्याकाळी बेडूक निघतात आणि तो त्यांच्या मागे धावतो. तिसरे, कलमांसाठी रुजत घालायला म्हणून रायवळ आंब्यांचे बाठे खळ्याच्या कडेला जमवून ठेवलेले आहेत.

घरातील वडीलधाऱ्या मंडळींचे म्हणणे असे, की एरंडेल पाजावे म्हणजे पोट साफ होईल. माणसांसाठी आणलेली उलटी थांबवण्याची गोळीही घरात आहे. यांपैकी काही द्यावे का? तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टर पावसाळ्यापूर्वीच्या लसीकरणासाठी आज गावोगाव फिरत आहेत आणि एक्स-रेची सोय हवी असेल तर कणकवली गाठावी लागेल, जो पावसात दीड तासाचा रस्ता आहे. आजारी जनावराला एवढा प्रवास घडवणे योग्य, की आजचा दिवस उपाशी ठेवून वाट पाहणे योग्य, हे आम्हाला ठरवता येत नाही. जाणकारांनी कृपया लवकर सांगावे.

प्रतिसाद (रत्नागिरीहून)

ताई, मी डॉक्टर नाही, परंतु पशुसंवर्धन विभागात पशुधन पर्यवेक्षक म्हणून बरीच वर्षे नोकरी केली आहे, त्या अनुभवावरून लिहितो. प्रथम आपल्या प्रश्नांची थेट उत्तरे: एरंडेल देऊ नका, माणसांची गोळी देऊ नका आणि आजचा दिवस वाट पाहू नका.

एरंडेलाने आतड्यांची हालचाल जोराने वाढते. आतड्यात काही अडकले असेल, तर पुढे वाट नसताना मागून असा जोर लावणे धोक्याचे असते. उलटीच्या गोळीचा दोष वेगळा आहे. ती गोळी डॉक्टरही कुत्र्यांना देतात, पण आधी पोट तपासून. अडथळा असताना ती दिली तर उलटी काही काळ दबते, घरच्यांना बरे वाटू लागल्याचा भास होतो आणि आतले दुखणे मात्र वाढत राहते. मिठाचे पाणी पाजून आणखी उलटी करवावी, असेही कोणी सुचवील. ते तर मुळीच करू नये, कारण मिठाची विषबाधा होऊन कुत्र्याला झटके येऊ शकतात. ताप किंवा दुखणे म्हणून पॅरासिटामॉल अथवा आयबुप्रोफेन देणेही तितकेच घातक आहे.

घरी थांबणे केव्हा योग्य असते, तेही सांगतो, कारण प्रत्येक उलटीला कणकवली गाठण्याची गरज नसते. मोठा, लसी झालेला, एरवी धडधाकट कुत्रा एकदोनदा ओकला, मध्ये खेळतो-फिरतो आहे, पाणी पोटात ठरते आहे, शौच होते आहे, अशा वेळी आठ ते बारा तास अन्न बंद ठेवून, दर अर्ध्या तासाने दोन-तीन चमचे पाणी देत जावे आणि उलटी पुन्हा झाली नाही तर बिनमिठाची पातळ पेज, त्यानंतर मऊ भात आणि हाडे काढलेली उकडलेली कोंबडी थोडी थोडी द्यावी. तेल, मसाला, कांदा, लसूण काहीही नको. लहान पिल्लांना मात्र असे उपाशी ठेवायचे नाही. त्यांच्या रक्तातील साखर लवकर उतरते आणि लस न झालेल्या पिल्लाच्या उलट्या म्हणजे पार्व्हो हा जीवघेणा विषाणूजन्य रोग असू शकतो, म्हणून तिथे थांबण्याचा प्रश्नच येत नाही.

खंड्याची गोष्ट यात बसत नाही. उलट्या किती झाल्या, यापेक्षा दोन उलट्यांच्या मध्ये जनावर कसे आहे, हे मी नेहमी आधी पाहत आलो. आपला खंड्या मधल्या वेळातही पडून आहे, साधे पाणीही त्याच्या पोटात ठरत नाही आणि शौच थांबले आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र असताना मला सर्वांत अधिक भीती बाठ्याची वाटते. हापूसचा बाठा मोठा असतो, कुत्रा तो चघळून टाकून देतो. रायवळचा बाठा लहान असतो, वर गोड रेषा चिकटलेल्या असतात आणि मध्यम आकाराचा कुत्रा तो अख्खा गिळू शकतो. तो पोटात विरघळत नाही. लहान आतड्यात जाऊन बसला की त्या जागच्या आतड्याचा रक्तपुरवठा दाबला जातो आणि उशीर झाल्यास आतडे फाटून पोटात जंतुसंसर्ग पसरतो.

बेडकाच्या विषाने तोंडाला भरपूर लाळ आणि फेस येतो, आणि ते चावल्यानंतर थोड्याच वेळात होते, दुसऱ्या दिवसापर्यंत लांबत नाही. किनाऱ्यावर टाकलेला केंड मासा खाल्ला असता तर त्याच्या विषाने पायांतील बळ गेले असते आणि श्वास जड झाला असता. तरीही ही शंका डॉक्टरांना सांगाच. तसेच वाळूत पडलेला गळ किंवा जाळ्याचा धागा गिळला गेला असण्याची शक्यताही सांगा. तोंडातून किंवा गुदद्वारातून धागा लोंबताना दिसला तर तो ओढू नका, आतडे कापले जाऊ शकते.

निघण्यापूर्वी एवढे पाहून इथे लिहा, किंवा लिहायला वेळ नसेल तर कागदावर टिपून सोबत न्या. हिरड्या गुलाबी आहेत की फिक्या, पांढऱ्या किंवा पिवळसर? हिरडीला बोट लावले तर ती ओलसर लागते की चिकट? बोटाने दाबून सोडल्यावर गुलाबी रंग दोन सेकंदांच्या आत परततो का? मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच बसते का? थर्मामीटर असेल तर गुदद्वारातील तापमान घ्या. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते, त्यामुळे माणसाच्या मापाने ताप ठरवू नका. पोट फुगून ताशासारखे ताठ झाले असेल आणि ओकारी येऊनही काहीच पडत नसेल, तर एक मिनिटही थांबू नका. त्या अवस्थेत काही तासांत जीव जातो.

प्रतिसाद (सावंतवाडीहून)

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त पावसाळ्याच्या दृष्टीने एक भर घालते. आपल्या सिंधुदुर्गात या दिवसांत लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य रोगाचा) धोका असतो आणि उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून तो कुत्र्यांनाही होतो. त्यातही उलट्या, ताप, अंगातील बळ जाणे, लघवी गडद होणे आणि हिरड्या व डोळे पिवळे पडणे ही लक्षणे दिसतात. लेप्टोची लस दरवर्षी द्यावी लागते, म्हणून खंड्याचे लसीकरणाचे पुस्तक आठवणीने न्या. निदान होईपर्यंत त्याची उलटी आणि लघवी हातमोजे घालूनच साफ करा, कारण हा रोग माणसांनाही होतो. गोचीड ताप आणि साप या दोन्ही शक्यता डॉक्टर तपासतीलच. तरी पायांवर, तोंडावर कुठे सूज किंवा रक्त आहे का, ते तुम्हीही पाहा.

धागाकर्ती

आपणा दोघांचे मनापासून आभार. हिरड्या गुलाबी आहेत पण चिकट लागतात, पिवळेपणा नाही. तापमान १०२.२ भरले. सूज कुठेही नाही. एक गोष्ट आत्ताच लक्षात आली, की तो मधूनमधून पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर धरून उभा राहतो. आम्ही निघत आहोत. वाटेत तो चावू नये म्हणून तोंड बांधावे का?

प्रतिसाद (रत्नागिरीहून)

तोंड बांधू नका. बांधलेल्या तोंडाने उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊन कुत्रा गुदमरतो. चादरीत गुंडाळून, कुशीवर, डोके मोकळे ठेवून मांडीजवळ घ्या. तो उभा राहण्याचा जो प्रकार आपण सांगितला, तो पोटात कळा येत असल्याचे लक्षण आहे. आता अन्न-पाणी काही देऊ नका, शस्त्रक्रियेची वेळ आली तर भूल द्यावी लागेल. दवाखान्यात आधी फोन करून सोनोग्राफीची सोय आहे का ते विचारा. बाठा साध्या एक्स-रेत हाडासारखा स्पष्ट दिसेलच असे नाही. उलटीचा फोटो काढलेला असू द्या.

धागाकर्ती

आपल्या सांगण्याप्रमाणे थेट कणकवलीला गेलो. सोनोग्राफीत लहान आतड्यात बाठा अडकलेला दिसला. सलाइन लावून शरीरातील पाण्याची कमतरता आधी भरून काढली आणि नंतर शस्त्रक्रिया केली. आतड्याचा रंग चांगला होता, त्यामुळे त्याचा तुकडा काढावा लागला नाही. चीर देऊन बाठा काढला आणि टाके घातले. खंड्या शुद्धीवर आला असून उद्या घरी सोडतील. बाठ्यांवर आता जाळी घालून दगड ठेवले आहेत. घरी आल्यावर कोणत्या गोष्टींवर लक्ष ठेवावे?

प्रतिसाद (रत्नागिरीहून)

फार समाधान वाटले. आहार आणि औषधे डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणेच द्या, दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे. आतड्याचे टाके सुटण्याची भीती साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत अधिक असते. त्या काळात पुन्हा उलटी झाली, ताप आला, पोटाला हात लावू देईनासा झाला किंवा खाता खाता एकदम मलूल झाला, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच डॉक्टरांना फोन करा. बाहेरचे टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. तोवर गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर राहू द्या, जखम चाटू देऊ नका आणि पावसात सोडू नका. पडवीत कोरडी गोणपाटे घालून त्याला तिथेच बांधा, आणि लघवीसाठी न्यायचे तेव्हा दोरी हातात धरूनच न्या.