आयटीआयनंतर टेस्टिंगची लाईन धरावी, की पॉवरमन भरतीची वाट बघावी?

खानापूरची आत्या: भाचा आयटीआय इलेक्ट्रिशियन झालाय. बेळगावातल्या एका विजेच्या उपकरणांच्या टेस्टिंग काँट्रॅक्टरकडं हेल्पर म्हणून बोलावलंय. घरचे म्हणतात, हेस्कॉमची (सरकारी वीज वितरण कंपनीची) पॉवरमनची, म्हणजे लाईनमनची, भरती निघेपर्यंत थांब. तुमचं मत सांगा.

उद्यमबागकर: जाऊ दे त्याला. ज्युनिअर पॉवरमनला दहावीचे मार्क बघतात आणि खांबावर चढून दाखवावं लागतं. आयटीआयला शिकलेलं टेस्टिंगमध्ये कामी येईल. उद्यमबाग, मच्छे, होनगा, सगळीकडं ११ केव्हीवर (११ हजार व्होल्टवर) चालणारे कारखाने आहेत. त्यांचं ट्रान्सफॉर्मरचं तेल, रिले (बिघाड झाला की पुरवठा तोडायला लावणारं उपकरण), अर्थिंग तपासायला माणूस लागतोच. साखर कारखान्यांचा हंगाम संपला की ओव्हरहॉलच्या कामाला पोरं मिळत नाहीत.

निपाणीचा मारुती: साफ चुकीचा सल्ला. ओव्हरहॉल संपल्यावर काय? आज कागल, उद्या सौंदत्तीच्या पवनचक्क्या. कामासाठी वीज बंद (शटडाऊन) मिळणार रविवारी नाहीतर सणाला. पीएफ कापतात का, विमा आहे का, हे आधी विचारा. आणि हेल्पर म्हणजे केबल गुंडाळणं अन् किट उचलणं. पॉवरमनच्या घरात पगाराची तारीख ठरलेली असते.

उद्यमबागकर: पीएफचं पटलं. पण केबल गुंडाळणारा पोरगा रीडिंगही लिहून घेत असेल तर तो शिकतो. आमच्याकडच्या पावसाळ्यात मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लावला की ओलाव्यानं आकडा पडतो. लगेच ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग खराब म्हणून रिपोर्ट देणारे मी पाहिलेत. जाणता माणूस आधी बुशिंग (तारा बाहेर येतात तिथला इन्सुलेटर) पुसून कोरडं करतो, गार्ड टर्मिनल (पृष्ठभागावरून गळणारा करंट मोजणीतून वगळणारं) जोडतो, परत रीडिंग घेतो. तेलाचं तापमान लिहितो, कारण तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचा आकडा निम्म्यावर येतो. मग दहाव्या मिनिटाच्या रीडिंगला पहिल्या मिनिटाच्या रीडिंगनं भागून बघतो. एवढं ज्याला कळलं, त्याला काँट्रॅक्टर सोडत नाही.

रिले टेस्टर, काकती: मी याच कामात आहे. दोघांनी जिवाचं काही लिहिलं नाही. पाच केव्हीनं मेगर केलेली केबल, किट बंद केल्यावरही चार्ज धरून असते. डिस्चार्ज रॉड (अर्थला जोडलेली दांडी) लावून बराच वेळ अर्थ करून ठेवल्याशिवाय हात लावायचा नाही. काँट्रॅक्टरकडं रॉड आहे का, किटचं कॅलिब्रेशन झालंय का, हे आत्याबाईंनी स्वतः विचारावं. नसेल तर पोराला पाठवू नका. आणि त्याला कन्नड शिकवा. सबस्टेशनचा ऑपरेटर एलसी (लाइन क्लिअर, म्हणजे लाईन बंद करून कामाची परवानगी) देताना कन्नडमध्येच बोलतो. कुठला फीडर (वीज नेणारी लाईन) बंद केला हे अर्धवट कळून चालणार नाही.

निपाणीचा मारुती: भाषेची सक्ती इथंही आणायची का ताई? मराठी कागदपत्रांसाठी आपण इतकी वर्षं भांडतोय.

रिले टेस्टर, काकती: दादा, त्या मागणीत मी तुमच्याबरोबर आहे, मोर्चालाही येते. पण यार्डात उभ्या असलेल्या पोराला फोनवरचा निरोप आजच कळायला हवा. शिवाय केपीटीसीएल (कर्नाटकची वीज पारेषण कंपनी), हेस्कॉमच्या भरतीला कन्नडची परीक्षा असते, म्हणजे तुमच्या वाटेनं गेला तरी शिकावंच लागेल. विजेच्या कामाच्या परमिटचंही बघा. कर्नाटकाच्या विद्युत निरीक्षणालयाचं वेगळं, महाराष्ट्राचं वेगळं. कोल्हापूरकडं काम धरायचं असेल तर तिकडची चौकशी आधीच करा.

खानापूरची आत्या: काँट्रॅक्टरला भेटून रॉड आणि पीएफ, दोन्ही विचारते.

निपाणीचा मारुती: विचारा. पण भरती निघाली की फॉर्म भरायला लावा. वयाची अट असते, वर्षं हातातून जातात. माझं मत बदललेलं नाही.