गोल मुठीच्या जुन्या दाराला इलेक्ट्रॉनिक कुलूप, दार न कापता जमेल काय?

रिवायंडिंग_दारव्हा:
नमस्कार मंडळी. माझं दारव्हा तालुक्यातल्या एका गावात मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. गावातल्या एका जुन्या खोलीत आम्ही अभ्यासिका काढली. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी करणारी २२ पोरं-पोरी तिथे बसतात. चावी माझ्याजवळ. पहाटे साडेचारला पोरं येतात, आणि त्या आठवड्यात शेतीची लाइन रात्रीची असली तर मी ओलिताला गेलेला असतो. मग ती थंडीत ओट्यावर बसून राहतात. डुप्लिकेट चाव्या करून पाहिल्या, दोन हरवल्या. पोरींच्या घरचे विचारतात, हरवलेली चावी कोणाच्या हाती गेली? त्यांचं विचारणं बरोबर आहे.

दार सागवानी, एक पल्ला, ३८ मिलिमीटर जाड, आत उघडते. चौकटही सागवानी. गोल मुठीचं कुलूप आहे, बाहेरून चावी, आतून दाबायचं बटन. बाजारातलं तयार स्मार्ट कुलूप बसवायचं तर पल्ल्यात एवढी मोठी खाच पाडावी लागते की सुतारानेच नाही म्हटलं. दार माझ्या आज्याच्या वेळचं, जुना वाडा पाडला तेव्हा मीच खोलीला आणून लावलं. ते कापायचं मन होत नाही.

आजवर केलं ते सांगतो. आधी वर लावायचं चुंबकाचं कुलूप आणलं, १२ व्होल्टचं, २८० किलो धरणारं. धरते मस्त, पण अर्धा अँपिअर रात्रंदिवस खाते. फवारणी पंपाची ८ अँपिअर-अवरची बॅटरी जोडली. कागदावर १६ तास, पण बॅटरी जुनी, नवव्या तासाला बसली. चुंबकाची लाइन गेली की दार मोकळं. ते काढलं आणि सोलेनॉइडची (करंट दिला की दांडी ओढणारी कॉइल) कडी, रिले (विजेने चालणारा स्विच) आणि ईएसपी३२ (प्रोग्राम टाकता येणारी वायफायची चिप) अडॅप्टरवर चालवून पाहिलं. रात्री लाइन गेली, आली, आणि आल्याबरोबर रिले आपोआप टक् वाजला. कडी मागे, दार उघडं. दोनदा झालं.

अंगठ्याचा सेन्सरही लावला होता. दिवाळीनंतर अर्धी पोरं घरच्या कापूस वेचणीला जातात. पराटीच्या बोंडांनी बोटांची टोकं चिरलेली, सेन्सर वाचतच नाही.

आतून मूठ फिरवली की अंधारातही दार उघडते, हे मला कायम ठेवायचं आहे. आत एखादी पोरगी एकटी असते.

पटाशी_पुसद:
भाऊ, पल्ल्याला हात लावू नका, जे करायचं ते चौकटीत करा. इलेक्ट्रिक स्ट्राइक म्हणून वस्तू मिळते. कुलपाची जीभ चौकटीतल्या ज्या पट्टीत शिरते, ती पट्टी काढून तिथे हे बसते. याचा एक ओठ हलता असतो. करंट दिला की ओठ सैल होतो, दार ढकललं की जीभ त्याला बाजूला सारून निघते. मूठ, चावी, आतून उघडणं, सगळं जसंच्या तसं. लाइन नसताना बंद राहणारा प्रकार मागा, आतल्या माणसाला मुठीने निघताच येते.

आता तीन गोष्टी नीट पाहा. पहिली तुमच्या बटनाची. बऱ्याच गोल मुठींत आतून मूठ फिरवली की दाबलेलं बटन उसळून बाहेर येते, म्हणजे एक पोरगा बाहेर गेला की बाहेरची मूठ सगळ्यांना मोकळी. दाबून फिरवायचं बटन असेल तर ते अडकून राहते. नसेल तर स्टोअररूमसाठीची मूठ घ्या, तिची बाहेरची बाजू चावीशिवाय फिरतच नाही. भोकाचं माप जुळवून आणलं तर जुन्या भोकातच बसते.

दुसरी, जिभेशेजारच्या बारीक पिनची. दार लागल्यावर ती पिन दाबलेली राहिली पाहिजे. स्ट्राइकच्या खड्ड्यात ती जिभेसोबत घुसली तर प्लास्टिकच्या कार्डानेही जीभ मागे ढकलता येते. खड्डा पाडायच्या आधी जिभेला आणि पिनला ओलं कुंकू लावा आणि दार लावून पाहा. चौकटीवर दोन डाग उठतात, तेच तुमचं माप.

तिसरी पावसाची. सागवान कमी फुगते, पण फुगतेच. पल्ला चौकटीला घासला की जीभ ओठावर दाबून बसते आणि मग लहान सोलेनॉइडला आतली खिटी ओढता येत नाही. नुसता आवाज येतो, दार ढिम्म. म्हणून आधी बिजागरीचे स्क्रू कसा, मग रंधा मारून मुठीच्या बाजूने ३ मिलिमीटर फट ठेवा. मी हे उलट्या क्रमाने केलं होतं, श्रावणात पुन्हा जावं लागलं.

एम्बेडेड_वर्धा:
रिले टक् वाजतो त्याचं कारण चिपची पिन, म्हणजे वायर जोडायचा पाय. ईएसपी३२ सुरू होताना १४ आणि १५ सारख्या पिनांवर क्षणभर सिग्नल येतो. २५, २६, २७ पैकी एक घ्या. रिलेऐवजी मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) लावा आणि त्याच्या गेटपासून, म्हणजे सिग्नल घेणाऱ्या पायापासून, ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर द्या, म्हणजे चिप जागी होईपर्यंत गेट शून्यावर राहील. स्ट्राइकच्या कॉइलवर उलटा डायोड, १एन४००७, नाहीतर मॉसफेट जाईल.

बॅटरीचा हिशेब पाहा. २२ जण, दिवसाला सहा वेळा, प्रत्येकी ५ सेकंद, म्हणजे ११ मिनिटं. ०.४ अँपिअरने ०.०७ अँपिअर-अवरच लागतात. खरा खादाड वायफाय. तो कायम चालू राहिला तर दिवसाला दोन-अडीच अँपिअर-अवर जातात. वायफाय बंद ठेवा, बटन दाबल्यावरच चिप जागी होऊ द्या. लिथियमचे सेल नका वापरू. ४५ अंशांच्या वर ते चार्ज करू नयेत, आणि मे महिन्यात आपल्याकडे टिनाखाली त्याहून जास्तच असते.

मेळघाट_ताई:
दादा, अंगठा सोडा, कीपॅड ठेवा. वेचणीत माझीही बोटं तशीच होतात. पण सगळ्यांना एकच कोड देऊ नका. प्रत्येकाचा वेगळा द्या, म्हणजे पोरीच्या आईला सांगता येईल किती वाजता कोण आलं. अभ्यासिका सोडली की त्याचा कोड त्याच दिवशी काढा.

रिवायंडिंग_दारव्हा:
पटाशी दादा, कुंकवाचे डाग उठले आणि डोळे उघडले. पिन खड्ड्यातच जात होती. खड्डा २ मिलिमीटर बाहेर सरकवला. बटन उसळणारंच निघालं, म्हणून मूठ बदलली, जुनी जपून ठेवली आहे. बिजागरीचे तीन स्क्रू सैल होते, ते कसल्यावर रंधा जेमतेम दोन वेळा फिरवावा लागला. २६ नंबरची पिन घेतली, आठवडाभर लाइन जाता-येता एकदाही टक् झालं नाही.

ताई, २२ कोड दिले. घड्याळासाठी चिप वेगळी लावली आहे, नोंद मेमरी कार्डात जाते. काल पहाटे ४.४० ला पहिला कोड पडला तेव्हा मी वावरातच होतो. कीपॅडवर पश्चिमेचा पाऊस येतो, त्याला आता पत्र्याची टोपी करतो.