भाषांच्या वेगाचे तक्ते बघून भाषा निवडू नका

अनाहत (धागाकर्ता)
'पायथॉन भाषा सी भाषेपेक्षा सत्तर पट मंद' हे हल्ली प्रत्येक वादात कोणीतरी फेकतंच. ते येतं पोर्तुगीज संशोधकांच्या २०१७ च्या अभ्यासातून. त्यात २७ भाषा होत्या. सीला लागणारा वेळ १ धरला, तर पायथॉनचा ७१.९. हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच तक्त्यात जावास्क्रिप्टपुढे ६.५२ आणि टाइपस्क्रिप्टपुढे ४६.२ लिहिलंय, ते कोणी वाचत नाही. टाइपस्क्रिप्टचे टाइप (हा आकडा, हा मजकूर अशा खुणा) कंपाइल होतानाच, म्हणजे चालवण्याआधीच्या भाषांतरातच, पुसले जातात, शेवटी चालतं ते जावास्क्रिप्टच. मग सातपट फरक कसला? एकाच कामासाठी दोन वेगळ्या तऱ्हेने लिहिलेल्या प्रोग्रामचा! तक्ता भाषा मोजत नाही, कोणीतरी लिहिलेला प्रोग्राम मोजतो. आणि आपली बहुतेक वेब ॲप्स तर डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत बसलेली असतात. डेटाबेसमध्ये इंडेक्स (शोध झटपट लावणारी सूची) नसेल तर रस्टसारखी वेगवान भाषा वापरूनही ती क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) रखडणारच.

रानवारा
साफ असहमत. एक ओळ गंडली म्हणून अख्खा तक्ता रद्दीत जात नाही. पायथॉनमध्ये नुसतं 'अ + ब' केलं की काय होतं बघा: दोन्हींचा टाइप तपासायचा, त्या टाइपची बेरीज शोधायची, उत्तरासाठी बहुतेकदा नवा ऑब्जेक्ट (मेमरीतला डेटाचा तुकडा) बनवायचा, तो किती ठिकाणी वापरात आहे याची, म्हणजे रेफरन्सची, मोजणी ठेवायची. ६४ बिट मशीनवर छोटासा पूर्णांकसुद्धा २८ बाइट खातो. सीमध्ये साधारण ४ बाइट आणि बेरजेची एक सूचना. कितीही हुशार प्रोग्रामर आणा, हा खर्च टळत नाही.

मृण्मयी
@रानवारा, म्हणून तर आकडेमोडीचे लूप कोणी शुद्ध पायथॉनमध्ये ठेवत नाही. नमपाय या पायथॉनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीला अख्खा ॲरे (आकड्यांची रांग) द्यायचा, आतलं काम सीमध्ये होतं.

रानवारा
म्हणजे वेग सीचा आणि श्रेय पायथॉनला! शिवाय सगळा डेटा ॲरेत बसत नाही. वेड्यावाकड्या लॉग फायलींची एकेक ओळ फोडायची असते तेव्हा नमपाय काय करणार?

घाटमाथा
दोघेही सरासरी वेगावर भांडताय. डिस्कॉर्ड या चॅट ॲपने आपली एक सेवा गो भाषेतून रस्टमध्ये का नेली, हे त्यांनी २०२० मध्ये लिहिलंय, ते वाचा. गो एरवी व्यवस्थित चालत होती. पण तिचा गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी मोकळी करणारी यंत्रणा) निदान दर दोन मिनिटांनी चालायचाच, आणि प्रत्येक वेळी प्रतिसाद लांबायचा. रस्टमध्ये गार्बेज कलेक्टरच नाही. एकूण वेळेच्या तक्त्यात असले झटके दिसणार कुठे? जावाचंही तसंच. जेआयटी (चालता चालता कोड वेगवान करणारा कंपायलर) गरम होईपर्यंतचा वेळ धरायचा की नाही, यावर तिचा क्रमांक बदलतो.

अनाहत
+१. माझं तेच म्हणणं आहे. आधी स्वतःच्या कोडवर प्रोफायलर (कुठे किती वेळ जातो ते मोजणारं साधन) लावा, मग भाषेला नावं ठेवा.

रानवारा
प्रोफायलर लावूनही उत्तर 'भाषा' असंच आलं तर? टाइपस्क्रिप्टचा कंपायलर (तिचा कोड तपासून त्याचं जावास्क्रिप्ट करणारा प्रोग्राम) बघा. मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो टाइपस्क्रिप्टमधून गोमध्ये आणत असल्याचं जाहीर केलं. व्हीएस कोड या एडिटरचा कोड तपासायला ७७.८ सेकंद लागायचे, ते ७.५ वर आले. अल्गोरिदम बहुतांशी तेच, माणसंही तीच.

अनाहत
त्यातला जवळपास निम्मा फायदा समांतर कामामुळे (एकाच वेळी अनेक कोअरवर काम चालवल्यामुळे) आहे, हे त्यांनीच सांगितलंय. तो भाषेच्या खात्यावर कसा टाकता?

रानवारा
टाकणारच. जावास्क्रिप्टमध्ये दोन थ्रेडना (समांतर चालणाऱ्या कामांना) एकच ऑब्जेक्ट वाटून घेता येत नाही, त्यामुळे कंपायलर कोडच्या रचनेचं जे भलंमोठं झाड बनवतो ते प्रोसेसरच्या सगळ्या कोअरवर एकत्र वापरणं अवघड. गोमध्ये ते सरळ जमतं. ही सोय भाषेने दिली, प्रोग्रामरने नाही.